मोटर घसरते म्हणून मशीनचा लॅम्प करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या वस्तूंपासून घरसजावट असा लेख आला होता, त्यातल्या एका फोटोत काळं इलेक्ट्रिक शिलाई मशीन होतं, आतलं सगळं काढून बल्ब बसवलेला, आणि खाली ओळ होती की मोटर घसरत असल्यामुळे मशीन निकामी झालं होतं. अहो मोटर घसरते म्हणजे मशीन निकामी कसं? फोटोत मोटरचा ब्रॅकेट जागेवर आहे आणि पट्ट्यासाठी कुठे खाचच नाही, म्हणजे ते फ्रिक्शन ड्राइव्हचं, रबरी चाकाच्या घर्षणावर चालणारं मशीन. मी बरीच वर्षं हीच मशीनं गोळा करून दुरुस्त करतोय, त्यामुळे गप्प बसवलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुन्या इलेक्ट्रिक मशीनमध्ये मोटरची ताकद हँडव्हीलपर्यंत (मशीनच्या उजव्या टोकाचं मोठं चाक) न्यायचे तीन प्रकार होते. एक पट्टा, तो सगळ्यांनी पाहिलाय. दुसरा गिअर, जसा सिंगरच्या 15-91 आणि 201-2 मध्ये. आणि तिसरा हा, मोटरच्या शाफ्टवर एक छोटं रबरी चाक आणि ते स्प्रिंगच्या जोरावर सरळ हँडव्हीलच्या कडेला टेकलेलं, बस्स. अमेरिकेत क्लीव्हलँडची व्हाइट, इलिनॉयमधल्या नॅशनल आणि फ्री या कंपन्यांनी अशी मशीनं काढली. सिअर्सच्या दुकानातून विकली गेलेली जुनी केनमोर रोटरी (खालचा दोरा धरणारा हुक गोल फिरतो ती) पण बरीचशी व्हाइटनेच बनवलेली, सिअर्स स्वतः मशीन बनवत नव्हती, मॉडेल नंबरच्या सुरुवातीला 117 असेल तर ते व्हाइटचं काम समजायचं.

आता बिघडतं काय, तर लोखंड नाही, रबर. इतक्या वर्षांत ते दगडासारखं कडक होतं, वरून चकाकी येते, आणि मशीन कपाटात पडून असेल तर जिथे ते हँडव्हीलला टेकलेलं असतं तिथे चपटं होतं. मग पेडल दाबलं की प्रत्येक फेऱ्याला धप धप धप, मोटर घूं करत फिरते आणि सुई जाड कापडात अडकून उभी. बघणाऱ्याला वाटतं मशीन गेलं. पाच मिनिटं काढून एवढंच बघा, मोटर हाताने मागे ओढून हँडव्हीलपासून सुटी धरा आणि हँडव्हील हाताने फिरवा. हलकं फिरलं, सुई वर खाली झाली, तर मशीन ठणठणीत आहे. जड फिरलं तर जुनं तेल सुकून चिकट झालेलं असतं, थोडं रॉकेल सोडून हळूहळू फिरवत राहायचं, मोकळं झालं की पुसून मग शिलाई मशीनचं तेल. खोबरेल किंवा स्वयंपाकाचं तेल अजिबात नको, त्यानेच तर आधी चिकटलेलं असतं. आणि हे सगळं करताना हँडव्हीलच्या कडेला आणि रबराला तेलाचा थेंब लागता कामा नये, नाहीतर चांगलं रबरसुद्धा घसरणार.

रबर नुसतं चकाकलेलं असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून चालतं. चपटं किंवा तडकलेलं असेल तर बदलायचं, योग्य मापाची ओ-रिंग (गोल रबरी कडी) किंवा रबरी नळीचा तुकडा बसवून काम होतं, पण माप बघूनच. लोक म्हणतात जाड घातलं तर पकड चांगली मिळेल, तसं नाहीये. समजा मोटरचं चाक 20 मिलिमीटर व्यासाचं आणि हँडव्हील 130 चं, तर हँडव्हीलच्या एका फेऱ्याला मोटर साडेसहा फेरे मारते, चाक 26 चं केलंत तर पाचच, म्हणजे मशीन सुसाट पळेल पण जाड शिवणीवर दम तोडेल.

सगळ्यात जास्त राग मला येतो तो पट्ट्याच्या मोटरचा. रबर मिळत नाही म्हणून बॉडीला भोक पाडून दुसऱ्या मशीनची मोटर बसवतात आणि वर म्हणतात आता अपग्रेड झालं. पट्ट्यात दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरतात पण एकमेकांना टेकलेली चाकं उलट सुलट फिरतात, साधी गोष्ट आहे. त्यात बऱ्याच व्हाइट रोटरीचं हँडव्हील वरच्या बाजूने आपल्यापासून लांब फिरतं, सिंगरच्या अगदी उलट. मग सिंगरची मोटर लावली की मशीन उलटं चालतं, टाका पडत नाही, खाली दोऱ्याचा गुंता, आणि दोष कोणाला तर मशीनला!

वायरिंगबद्दल मात्र मी कडक आहे. रबराचं इन्सुलेशन वाकवलं की भुगा होऊन पडत असेल तर प्लग लावूच नका, आधी सगळी वायर बदला, मोटरमधले कार्बन ब्रश (वीज आत पोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजलेत का बघा, आणि जुन्या पेडलमध्ये कपॅसिटर असेल तर तो काढून नवा घाला. अमेरिकन मोटरच्या प्लेटवर बहुतेक 110 व्होल्ट लिहिलेलं असतं, घरात 230 असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. काम झाल्यावर मशीन ठेवून देताना मोटर आणि हँडव्हीलच्या मधे लाकडाची चकती सरकवून ठेवा, नाहीतर नवं रबर पण चपटं होतं.

आपल्या वाचकांपैकी कोणी असं मशीन विकायला काढलं तर कृपा करून पेडल, मोटर, बॉबिन केस (खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी) आणि फूट (कापड दाबून धरणारा पाय) सगळं एकत्र ठेवा, कारण बऱ्याच व्हाइटला सिंगरचे फूट बसत नाहीत आणि बॉबिन केस हरवली की दुसरी शोधताना नाकी नऊ येतात. आणि फोटो काढताना एक फोटो हँडव्हीलच्या बाजूने काढा, मोटर कशी टेकलीय ते दिसेल असा.

आपला,
एक नियमित वाचक