दिवे बदलण्याआधी केबल तपासा

माननीय संपादक,

नाट्यगृहांच्या नूतनीकरणात जुने हॅलोजन दिवे काढून एलईडी पार (स्थिर रंगीत दिवे) आणि मूव्हिंग हेड (फिरणारे दिवे) बसवले जातात. मग ऐन प्रयोगात एखादा पार थरथरतो, निळ्याचा मध्येच पांढरा होतो आणि दोष दिव्यावर येतो. दिवा खाली उतरवण्याआधी डीएमएक्सची लाइन, म्हणजे कन्सोलवरून (प्रकाशनियंत्रणाचे यंत्र) दिव्यांना आज्ञा नेणारी केबल, तपासली पाहिजे.

डीएमएक्स ५१२ या डिजिटल संदेशपद्धतीत सेकंदाला २,५०,००० बिट धावतात. माइकच्या केबलचा तीन पिनी प्लग बहुतेक दिव्यांना बसतो, म्हणून तीच सर्रास वापरली जाते. पण तिची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) जास्त आणि इम्पिडन्स (बदलत्या विद्युतसंदेशाला होणारा विरोध) कमी असल्याने बिटांच्या कडा बोथट होतात. पीळ दिलेल्या जोडीची, शील्ड (बाहेरचा विद्युत अडथळा रोखणारे धातूचे वेष्टन) असलेली १२० ओहमची केबलच घ्यावी. शील्ड पिन १ ला जोडावी, प्लगच्या धातूच्या कवचाला तिचा स्पर्श होऊ देऊ नये. केबल एका दिव्यातून पुढच्या दिव्यात अशी सलग जावी. फाटा हवाच असेल तर वाय-जोड (एका केबलीची थेट दोन टोके करणारा जोड) नको, ऑप्टो-आयसोलेटेड स्प्लिटर (संदेश वेगवेगळ्या, विद्युतदृष्ट्या अलग लाइनींत वाटणारे यंत्र) लावावा. एका लाइनवर ३२ पेक्षा जास्त दिवे नकोत. डिमरपासून (प्रकाश कमी-जास्त करणारे यंत्र) दिव्यांना वीज नेणाऱ्या लोड केबलींशेजारून ही केबल नेणे टाळावे.

सर्वाधिक हयगय होते ती टर्मिनेटरची, म्हणजे लाइनच्या टोकाला संदेश शोषून घेणाऱ्या प्लगची. नर एक्सएलआर (माइकच्या केबलसारख्या, पिना असलेल्या) प्लगमध्ये पिन २ आणि ३ यांच्यामध्ये १२० ओहमचा, पाव वॉटचा रेझिस्टर डाखायचा आणि तो प्लग शेवटच्या दिव्याच्या 'आउट'मध्ये लावायचा, एवढेच काम. तो नसेल तर संदेश मोकळ्या टोकावरून उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या बिटांत मिसळतो. चार दिव्यांच्या छोट्या लाइनवर हे जाणवतही नाही. लाइन लांबली की मधलाच कुठला तरी दिवा बिघडल्यासारखा वागतो. तो बदलूनही काही फरक पडत नाही.

तपासणीला साधा मल्टीमीटर पुरतो. वीज बंद करावी, कन्सोल सोडवावा आणि लाइनच्या सुरुवातीला पिन २-३ मध्ये रोध मोजावा. १२० च्या आसपास किंवा थोडा कमी आला तर ठीक. ६० आला तर बहुधा दोन टर्मिनेटर लागलेत. एखाद्या दिव्यातला अंतर्गत टर्मिनेशनचा स्विच चालू आहे का पाहावे. शून्याजवळ आला तर शॉर्ट. हजारोंत गेला तर टर्मिनेटर नाही किंवा तार तुटली आहे.

महापालिकांनी निविदेत केबलचा इम्पिडन्स, स्प्लिटर आणि प्रत्येक लाइनचा टर्मिनेटर स्पष्ट लिहावा, आणि ठेकेदाराचे अंतिम बिल काढण्यापूर्वी मोजलेल्या रोधाचे आकडे लाइननिहाय, सहीनिशी घ्यावेत.

– रंगमंच प्रकाशतंत्रज्ञ, पुणे