विहिरीचं चिमीला सांगू का?

पुणे, रविवार रात्र

प्रिय नंदे,

अकरा महिने झाले, तुला एक ओळ लिहिली नाही. रागावली असशील, तुझा हक्कच आहे. पण आज जे लिहितेय ते ह्यांनाही सांगितलेलं नाही. माझं बीपी ठीक, ह्यांची शुगर आटोक्यात, झालं.

गेल्या महिन्यात मालदीवला लेकीकडे, चिमीकडे जाऊन आले. तिथे पाहुण्यांना समुद्राखाली नेणं हेच आता तिचं काम. तारकर्लीला मी जे चार दिवस धडपडून शिकले होते त्या भरवशावर तिने मला मालेजवळच्या बनाना रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या प्रवाळाच्या खडकावर, उतरवलं. केळ्यासारखी वाकडी रीफ, म्हणून ते नाव. उथळ भागातलं बरंचसं प्रवाळ 1998 आणि 2016 ला पाणी तापून पांढरं पडलं, मेलं. पण कड्याच्या पोटातल्या कपारींमध्ये मऊ प्रवाळ छताला घोसाघोसाने लटकलेलं. त्याला ऊन लागत नाही, प्रवाहातून येईल ते खाऊन सावलीत वाढतं. चिमीने टॉर्च मारला आणि राखाडी दिसणारं छत एकदम शेंदरी झालं. लाल मोठ्या डोळ्यांचे मासे छताकडे पोट करून, उलटे, शांत पोहत होते. नंदे, मी तिथे रडले असते, पण मास्कमध्ये रडता येत नाही.

पुढे त्या कपारीतून एक आरपार वाट निघते. आठ-दहा मीटरची असेल. पलीकडचा निळा उजेड दिसत असतो, म्हणून तिला गुहा म्हणायचं नाही, असं चिमी बोटीवर सांगत होती. ती पुढे, मी मागे. मध्येच वाट वळली आणि तिच्या पायातले फिन्स दिसेनासे झाले. त्याच क्षणी माझ्या पाठीवरचा सिलेंडर वर दगडाला लागला. टण्ण.

तोच आवाज, नंदे. 1984 च्या मे महिन्यात तुमच्या परसातल्या विहिरीत, पाण्याखालच्या त्या कपारीत, तुझी पितळी कळशी दगडावर आपटली होती, तोच.

मी श्वास धरला. खाली हेच करायचं नसतं, सगळ्यात पहिला धडा तो. 16 मीटरवर दाब वरच्यापेक्षा अडीचपटीहून जास्त, त्यात छातीत हवा कोंडून माणूस वर सटकला तर फुप्फुस फाटतं. माझे आधीचे बुडबुडे छताला पाऱ्यासारखे पसरून हलत होते आणि मी त्यांच्याकडे बघत राहिले. चिमी मागे वळली. मी तिला अंगठा दाखवला, ठीक आहे म्हणून. पाण्याखाली त्या अंगठ्याचा अर्थ 'वर चल' असा होतो, आणि वर तर दगड! तिने माझा अंगठा हळूच मिटला, माझा पट्टा धरला आणि स्वतःचा हात छातीपासून पुढे सावकाश नेत राहिली. सोड, सोड, सोड. मी श्वास सोडला. माझ्या घड्याळात 90 बार हवा शिल्लक होती, म्हणजे धोका काही नव्हता. धोका मीच होते.

तूही त्या दिवशी अशीच वेणी धरून ओढलंस मला. आणि वर आल्यावर म्हणालीस, "आवशीक सांगू नको हां." नाही सांगितलं. कपारीत शिरायची कल्पना तुझी होती हे मात्र तू आजपर्यंत कबूल केलेलं नाहीस. कळशी माझी होती असंही म्हणतेस. कळशी तुझ्या आजीची होती, तळाला नाव कोरलेलं होतं!

खरी काळजी पुढेच आहे. बोटीवर, केस पुसता पुसता चिमी म्हणाली, तिला आता मेक्सिकोला जाऊन गुहांतलं डायव्हिंग शिकायचंय. युकातानमध्ये चुनखडी खचून सेनोते तयार झालेत. फोटो बघितले, हुबेहूब आपल्याकडच्या विहिरी. मात्र खाली गोड्या पाण्याचे बोगदे. 2018 ला तिथल्या दोन गुहा जोडलेल्या निघाल्या, मिळून 347 किलोमीटर. आत जायला हवेचा एक भाग, यायला एक, तिसरा राखीव, आणि दोरी सोडायची नाही. ती हे सांगत होती तेव्हा तिचे डोळे, तुझे तेव्हा असायचे तसे.

नको म्हणायला तोंड उघडलं आणि तुझे बाबा आठवले. तुला पोहायच्या शिबिराला जाऊ नको म्हणाले, आणि मी त्यांची बाजू घेतली. वर्षभर बोलली नव्हतीस. तेव्हा मी घाबरले होते, विहीर माझ्या डोक्यातून गेली नव्हती. हे तुला कधी सांगितलंच नाही. आता सांगतेय. चिमीला अजून हो-नाही काहीच बोललेले नाही. रोज रात्री ते छत दिसतं आणि त्याखाली ती, एकटी.

तुझ्या घराचा स्लॅब टाकून झाला म्हणे, छान झालं. भावजींचा गुडघा कसा आहे? सुमितचं जमलं का कुठे? सविस्तर कळव.

आणि एक सांग. त्या दिवसाचं सगळं, कळशीसकट, मी चिमीला सांगितलं तर चालेल तुला? शपथ दोघींची होती, म्हणून आधी तुला विचारतेय. पत्र नको, फोनच कर.

तुझी,
शैला