दगडातली चोच

पोर्तो मोंत, चिली

ती. आईस,
सा. न.

फोटोत दगडातून चोच काढून बसलंय ते काय, असं तू विचारलंस आणि फोनवर सांगितलेलं तुला काही पटलं नाही. म्हणून नीट लिहितो. त्याला इथे पिकोरोको म्हणतात. शिंपल्यासारखा दिसत असला, तरी तो कोळंबी-खेकड्यांच्या गोतातला. खडकांना, बोटींच्या बुडांना चिकटून राहणारे कवचवाले प्राणी म्हणजे बार्नेकल; त्यांची ही जात चिलीच्या किनाऱ्यावर चांगली वीतभर उंच वाढते.

लहानपणी तो पाण्यात मोकळा पोहतो. शेवटच्या अवस्थेत तर खाणंपिणंही सोडतो आणि फक्त जागा शोधत हिंडतो. खडक पसंत पडला की मिशांमधून चिकट द्रव सोडून डोक्याच्या बाजूने चिकटतो, तो कायमचा. मग भोवती चुन्याच्या भिंती उभ्या करायच्या (फोटोतला 'दगड' तो हाच, आणि चोच म्हणजे त्याचं झाकण) आणि आत उताणं पडून पाय वर करायचे! पिसांसारखे ते पाय बाहेर झटकून पाण्यातलं बारीकसारीक अन्न ओढून घेतो. खडकावर जागा उरली नाही की पिल्लं मोठ्यांच्याच अंगावर घर बांधतात, म्हणून त्यांचे असे गठ्ठे दिसतात.

आता तुला हसू येईल. एकाच अंगात नर आणि मादी दोन्ही, तरी जोडीदार शेजारचाच लागतो. जागचं हलता येत नाही, म्हणून नराचं इंद्रिय शरीराच्या मानाने भलतंच लांब. बाबांना वाचून दाखवताना हे गाळ.

डार्विन १८३५ मध्ये याच बाजूच्या बेटांवर आला होता. लोको नावाच्या मोठ्या गोगलगायीच्या शिंपीत त्याला भोकं पाडून राहणारा टाचणीच्या डोक्याएवढा बार्नेकल सापडला. पुढे १८४६ पासून आठ वर्षं तो याच प्राण्यांच्या मागे होता. गंमत म्हणजे लोको स्वतः पिकोरोकोही खाते.

काल अंगेल्मोच्या मासळीबाजारात टोपलीपाशी वाकून एका चोचीला बोट लावलं. चट्कन आत गेली, झाकण घट्ट बंद, आणि शेजारच्याने पाण्याची पिचकारी थेट माझ्या चष्म्यावर मारली. विकणारी बाई खो खो हसली. मग तिने एक उकडलेला घेतला, चोच धरून ओढली, तसा पांढरा मऊ गर अख्खा बाहेर आला. चव थेट खेकड्याची, आणि नांग्या फोडायची कटकट नाही. हे मात्र बाबांना जरूर सांग.

तुझा,
बाळू