जागा सोडणारे

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. जॅझवाले क्षणभरही गप्प बसत नाहीत, म्हणून ते तुझ्या कानांना झेपत नाही, असं तू लिहिलंयस. अरे, मग तू जॅझ पियानोवादक अहमद जमाल ऐकायलाच हवास!

१९५८च्या जानेवारीत शिकागोच्या पर्शिंग हॉटेलच्या लाउंजमध्ये त्याच्या त्रयीचं वादन ध्वनिमुद्रित झालं. बासवर इस्रायल क्रॉस्बी, ड्रम्सवर व्हर्नेल फूर्निए. त्यातलं 'पॉइन्सियाना' आठेक मिनिटांचं आहे. जमाल धून उचलतो, चार-दोन स्वर वाजवतो आणि हात काढून घेतो. खाली बास आणि ड्रम्स चालूच असतात. त्यामुळे ती जागा रिकामी वाटत नाही. राहिलेली धून आपणच मनात पुरी करत जातो आणि जमाल परत येतो तेव्हा आपण नेमके त्याच्यासोबत असतो. समेची वाट बघत बसणाऱ्या तुला हे वेगळं सांगायला नको. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस या सोडलेल्या जागांवर इतका फिदा होता की आपला पियानोवादक रेड गारलँड याला तो जमालसारखं वाजवायला सांगायचा.

माइल्सचंच १९५४च्या २४ डिसेंबरचं एक ध्वनिमुद्रण आहे, 'द मॅन आय लव्ह'. पियानोवर थेलोनियस मंक. त्याच्या एकल वादनात तो मध्येच थांबतो. एकदम काहीच नाही. पर्सी हीथचा बास आणि केनी क्लार्कचे ड्रम्स मात्र पुढे चाललेले. मग माइल्स ट्रम्पेटवर हटकल्यासारखा एक तुकडा फुंकतो आणि मंक पुन्हा सुरू होतो. तो वाट चुकला होता की मुद्दाम थांबला होता, याच्याशी मला कर्तव्य नाही. तेवढ्या वेळात हीथच्या बासचा एकेक ठोका जसा ऐकू येतो, तसा एरवी कधीच येत नाही. मला ते फार मोलाचं वाटतं.

ताल काढून घेतला की शांततेचा स्वभावच बदलतो. अमेरिकी संगीतकार जॉन केजची '४ मिनिटं ३३ सेकंद' ही रचना तुला ऐकून माहीत असेल. २९ ऑगस्ट १९५२ रोजी वुडस्टॉकजवळच्या सभागृहात डेव्हिड ट्यूडरने पियानोचं झाकण बंद करून ती सुरू केली. तीन भाग, एकही स्वर नाही. पहिल्या भागात बाहेरचा वारा ऐकू आला, दुसऱ्यात छपरावर पडणारा पाऊस. आधी, १९४६मध्ये, न्यूयॉर्कमध्ये अहमदाबादच्या गीता साराभाईंनी केजला भारतीय संगीताची ओळख करून दिली होती. मन शांत करून ते दैवी प्रभावाला मोकळं करणं हे संगीताचं प्रयोजन, हे त्यांच्याकडून ऐकलेलं त्याने आयुष्यभर धरून ठेवलं. केजचा मला आदर आहे, पण त्याच्या शांततेत मला कोणी सोबतीला नसतं. जमालच्या असतं.

एस्टोनियाचा संगीतकार आर्वो पेर्ट या दोघांच्या मधे कुठेतरी आहे. त्याच्या १९७७च्या 'ताबुला रासा'चा दुसरा भाग 'सिलेन्टियुम'. शेवटी स्वर एकेक पायरी खाली उतरत डबल बासपर्यंत येतात, 'रे'वर पोचतात आणि थांबतात. 'सा' येतच नाही. त्याच्या जागी लिहिलेल्या आहेत नुसत्या रिकाम्या मात्रा.

एवढं मात्र कर, हे मोबाइलच्या स्पीकरवर लावू नकोस. ते खर्जातले स्वर त्यात उतरतच नाहीत, आणि ते ऐकू आले नाहीत तर 'सा' राहिला हे तुला कळणारसुद्धा नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश