आधी अक्षर, मग खेळ

प्रिय समीर,

सप्रेम नमस्कार. पायथन शिकण्यासाठी मराठी शब्द ओळखायचा खेळ वेबवर बांधायचं ठरवलंस, फार बरं केलंस. तीन अक्षरांचा शब्द आणि सहा प्रयत्न एवढंच ठेव. पण फ्लास्क (पायथनमध्ये वेबसाइट बांधायची चौकट) आणि रंगीत चौकोन (अक्षर जागेवर असेल तर हिरवा, शब्दात पण दुसऱ्या जागी असेल तर पिवळा) यांना इतक्यात हात लावू नकोस. आधी पायथनला मराठी अक्षर शिकव. हा खेळ बिघडतो तो तिथंच.

पायथन उघड आणि 'प्रयत्न' या शब्दावर लेन (लांबी मोजणारं फंक्शन) चालव. उत्तर येईल 7. आपण मोजतो प्र, य, त्न अशी तीन. पायथन मोजतो ती युनिकोडची (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीची) चिन्हं: प, हलन्त, र, य, त, हलन्त, न. मात्रा आणि अनुस्वार हीसुद्धा त्याच्या लेखी स्वतंत्र चिन्हं. म्हणून पहिलं फंक्शन लिही ते शब्दाची अक्षरं पाडणारं. रिकामी लिस्ट घे आणि शब्दातलं एकेक चिन्ह तपास. युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं कॅटेगरी फंक्शन ज्याला 'एम'ने सुरू होणारा प्रकार देतं (मात्रा, अनुस्वार, विसर्ग, हलन्त), ते आधीच्या अक्षराला चिकटव. आधीचं अक्षर हलन्तावर संपत असेल तरीही चिकटव. नाहीतर नवं अक्षर सुरू कर. सात-आठ ओळींचं काम, पण त्यात लूप, अट, लिस्ट आणि स्ट्रिंग सगळं हाताखालून जातं. रेजेक्स नावाच्या पॅकेजमध्ये अक्षरं पाडण्याची तयार सोय आहे, पण जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम युनिकोडमध्ये 15.1 या आवृत्तीपासून, म्हणजे 2023 मध्ये आला. जुन्या आवृत्तीवर 'त्न'चे दोन तुकडे पडतात. आपलं फंक्शन आपल्या ताब्यात राहतं.

आता 'दुसऱ्या' हा शब्द बघ. याच्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ आणि हलन्त, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह (यू+200डी). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पहिल्यात चिन्हं 7 आणि दुसऱ्यात 8. पायथन तुलनेत 'फॉल्स' म्हणतो आणि बरोबर उत्तर देणाऱ्याला चूक ठरवतो. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) जरूर कर, पण त्यानं ही जोडी एक होत नाही. ती रिप्लेस फंक्शननं स्वतःच बदलावी लागते, आणि अक्षरं पाडण्याच्या आधी. 'ॲप'मधल्या ॲ चंही तसंच: एक सलग चिन्ह, किंवा अ वर अर्धचंद्र.

शब्दांची फाइल दोनशे शब्दांची पुरे. फक्त मूळ रूपं घे. 'घराला', 'घरात' घ्यायला लागलास तर यादीला अंतच नाही. फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-8-सिग' दे, नाहीतर विंडोजवर अक्षरांचा कचरा होतो किंवा पहिल्या शब्दाआधी न दिसणारं चिन्ह बसतं. प्रत्येक ओळीला स्ट्रिप लाव, म्हणजे कडेच्या रिकाम्या जागा जातात.

रंग देताना सगळेच एक चूक करतात. उत्तर 'बदक', अंदाज 'कटक'. शेवटचा क हिरवा. पहिला क पिवळा दाखवलास तर खेळणारा शब्दात दोन क शोधत बसतो. म्हणून दोन फेऱ्या घे: आधी जागेवरची अक्षरं हिरवी करून उत्तरातून वजा कर, मग उरलेल्यांतून पिवळी शोध. त्यासाठी पायथनचा काउंटर (कोणतं अक्षर किती वेळा ते मोजणारा) उत्तम. मराठीसाठी तिसरा रंगही ठेव: व्यंजन तेच, मात्रा वेगळी. 'पालक' हे उत्तर असताना कुणी 'पुलाव' टाकला, तर प आणि ल दोन्ही जवळ आलेत हे त्याला कळायलाच हवं. नाहीतर खेळ फार कठीण होतो आणि माणूस कंटाळतो.

हे सगळं टर्मिनलमध्ये नीट चाललं की मगच फ्लास्क. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या प्रकल्पापुरता पॅकेजेसचा वेगळा कप्पा) बनव आणि त्यातच ते इन्स्टॉल कर. अंदाज घेऊन रंग परत देणारा एकच पत्ता सुरुवातीला पुरे. शब्द यादीत नसेल किंवा आलाच नसेल, तर 400 (चुकीच्या विनंतीचा वेब संकेतांक) परत दे आणि प्रयत्न मोजू नकोस.

आजचा शब्द फ्लास्कच्या सेशनमध्ये (खेळणाऱ्याच्या ब्राउझरमधल्या कुकीत राहणाऱ्या माहितीत) मात्र कधीही ठेवू नकोस. त्या कुकीवर सही असते, पण ती कुलूपबंद नसते. कुणीही उलगडून उत्तर वाचू शकतो. तो ग्लोबल व्हेरिएबलमध्येही नको. एकाहून अधिक वर्कर (सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामच्या प्रती) चालू झाले की प्रत्येकाची मेमरी वेगळी. तारखेचा टूऑर्डिनल (दिवसाचा सलग क्रमांक) घे, यादीच्या लांबीनं भाग आणि बाकी येईल त्या क्रमांकाचा शब्द दे. शब्दापासून आकडा बनवणारं हॅश फंक्शन इथं चालत नाही, स्ट्रिंगसाठी ते प्रोग्राम दर वेळी सुरू झाला की नवा आकडा देतं. आणि तारीख झोनइन्फो या मॉड्यूलनं 'एशिया/कोलकाता'ची, म्हणजे भारतीय वेळेची घे. सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो, मग शब्द मध्यरात्रीऐवजी पहाटे साडेपाचला बदलतो. विंडोजवर टीझेडडेटा पॅकेजही लागेल.

अक्षरांचं फंक्शन लिहून झालं की 'प्रयत्न', 'दुसऱ्या' आणि 'अर्थात्' या तिन्ही शब्दांवर चालव. तिन्हींची उत्तरं तीनच यायला हवीत. काय येतं ते कळव, आणि पहिल्या पन्नास शब्दांची फाइलही पाठव. मी तपासून देतो.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
अभय