‘मार खा, पण वॉक देऊ नको’: लेकीच्या मॅनेजरना एक जाहीर आभारपत्र

प्रिय कोच,

लीगच्या कागदांवर तुमचं पद ‘मॅनेजर’ असं छापलेलं असतं, पण मैदानावर तुम्हाला तशी हाक मारताना मी कुणाला ऐकलं नाही, म्हणून मीही कोचच म्हणते. पत्र मराठीत लिहितेय, कारण ते आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी आईवडिलांनीही वाचावं असं वाटतं. जानेवारीत लिटल लीगची, म्हणजे इथल्या मुलांच्या बेसबॉलची, नावनोंदणी सुरू झाली की त्यांचे फोन येतात: मुलीला बेसबॉलला घालू का, चेंडू लागतो का, क्रिकेटच बरं नाही का. तुम्हाला यातलं काय लिहिलंय ते माझी लेक सांगेलच. ती पदरचं थोडं घालेल, तेवढं चालवून घ्या.

आभार एकाच गोष्टीचे मानायचे आहेत. तुम्ही स्ट्राइकचा हट्ट धरलात, आणि तो पुरा करायचं ओझं अकरा वर्षांच्या पोरांच्या डोक्यावर टाकून मोकळे झाला नाहीत.

ज्यांनी या वयाच्या मुलांचा बेसबॉल पाहिलेला नाही त्यांना यात एवढं काय आहे ते कळणार नाही. होम प्लेट १७ इंच रुंद. तिच्यावर बॅटरच्या काखेपासून गुडघ्यापर्यंतची जी हवेतली चौकट, ती स्ट्राइक झोन; तिच्यातून गेलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक. चेंडू टाकणारा पिचर ४६ फुटांवर उभा. चौकटीबाहेर चार चेंडू गेले आणि बॅटरनं बॅट फिरवली नाही, तर तो चालत पहिल्या बेसवर जातो, हाच वॉक. मोठ्यांच्या खेळात वॉक अधूनमधून होतो. पोरांच्या खेळात कधी कधी दुसरं काही होतच नाही. वॉक, वॉक, कॅचरच्या हातून निसटलेला चेंडू, पुन्हा वॉक, धाव. बॅट चेंडूला लागलेली नाही आणि फळ्यावर चार धावा! राइट फील्डमधला मुलगा गवतातली पिवळी फुलं तोडत बसलेला, सेकंड बेसवालीचा बुटाच्या टोकानं मातीत खड्डा खणून झालेला. एप्रिलमधली थंडी, संध्याकाळ उतरत आलेली आणि अजून दुसरी इनिंग संपत नाही. काही टीमचे मोठे लोक तर आपल्या पोरांना सरळ सांगतात, बॅट खांद्यावरून हलवूच नको, तो स्वतःच चार बाहेर टाकेल. आणि तो टाकतोही.

माझे सासरे मागच्या उन्हाळ्यात साताऱ्याहून आले होते. दोन इनिंग गप्प बसले आणि मग म्हणाले, “आपल्याकडं वाइड टाकला तर एक रन जातो. इथं चार वाइड टाकले की अख्खा माणूसच फुकट बेसवर!” तुमचं स्ट्राइकचं तत्त्वज्ञान त्यांनी एका वाक्यात मांडलं असं मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं.

अशा वेळी बाकड्यांवरून आरोळी येते: “फक्त स्ट्राइक टाक!” जणू त्या पोराला ते सुचलंच नव्हतं. तुम्ही सीझनआधीच्या पालकसभेत पहिलं काही सांगितलं असेल तर हे, की ही आरोळी आमच्या मैदानावर चालणार नाही. तुमच्याकडून आम्ही ती कधी ऐकलीही नाही. टीमचा मॅनेजर सगळ्यात जास्त स्ट्राइकबद्दल बोलणारा आणि मॅचमध्ये त्याबद्दल तोंडातून अक्षर काढत नाही, हे मला सुरुवातीला विचित्र वाटलं होतं. नंतर उलगडलं. तुमचं सगळं बोलणं मंगळवारी आणि गुरुवारी सरावात होऊन गेलेलं असायचं.

सरावातल्या त्या दोऱ्या माझ्या डोळ्यांपुढे आहेत. प्लेटच्या दोन्ही बाजूंना रोवलेल्या दोन काठ्या, त्यांच्यात गवंडी वापरतात तसल्या नारिंगी दोऱ्यांची चौकट. वरची दोरी काखेला, खालची गुडघ्याला, मधल्या दोन उभ्या. तुम्ही म्हणालात की ही युक्ती ब्रँच रिकींची. डॉजर्स या मोठ्या टीमच्या फ्लोरिडातल्या व्हेरो बीचच्या सराव तळावर पिचर अशाच दोऱ्यांतून चेंडू टाकायचे. रिकी म्हणजे जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला १९४७ मध्ये मोठ्या लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगमध्ये, आणणारे गृहस्थ, एवढंच मला ठाऊक होतं. त्यांनी सुतळीसुद्धा बांधली होती हे तुमच्यामुळे कळलं. दोरीला चेंडू चाटून गेला की ती थरथरायची आणि मुलं ओरडायची, “काठावर!” तुमचं उत्तर ठरलेलं: काठ अंपायरचा, मधली जागा तुमची. काठाच्या नादी लागू नका.

लेकीचा चेंडू सारखा एका बाजूला जायचा. तिला वाटायचं हात चुकतोय. तुम्ही हाताकडे पाहिलंच नाही. बुटाच्या टाचेनं मातीत रबरापासून (पिचर जिच्यावर पाय ठेवतो ती पट्टी) प्लेटच्या दिशेनं सरळ रेघ मारलीत आणि म्हणालात, चेंडू राहू दे, पाऊल टाकून दाखव. पाऊल रेघेच्या पलीकडे, थर्ड बेसच्या अंगाला पडत होतं. मग अंग आडवं फिरवून चेंडू फेकावा लागत होता. दोन आठवडे ती आमच्या ड्राइव्हवेवर खडूच्या रेघेवर नुसती पावलं टाकत होती, हातात चेंडू नाही. शेजारच्या आजींनी विचारलं, नाच शिकतेय का?

हवेत वळणारा कर्व्हबॉल शिकवा म्हणून मागे लागलेल्या बापांना तुम्ही हसून वाटेला लावलंत. दोनच चेंडू: सरळ फास्टबॉल, आणि तसाच हात फिरवून हळू येणारा चेंजअप. बाकीचं मिशी फुटल्यावर बघू. (मुलींनी यावर हरकत घेतली, ती तुम्ही नोंदवून घेतलीत.)

आणि ती वही. प्रत्येक बॅटरला टाकलेला पहिला चेंडू स्ट्राइक पडला तर उभी रेघ, नाही तर ठिपका. पुढचं काही लिहायचंच नाही: किती मारले, कुणी मारले, कुठे गेले. मॅच संपल्यावर मुलं स्कोअरबोर्डाऐवजी तुमच्या वहीत डोकावायची. पहिलाच स्ट्राइक पडला की बॅटर सावध होतो, त्याला बॅट फिरवावीच लागते. पहिला बाहेर गेला की तो निवांत उभा राहतो. हे तुम्ही त्यांना आकडे न सांगता पटवलंत. स्ट्राइक झोनमध्ये आलेला चेंडू बॅटरनं कडकडून मारला तरी वहीत रेघच पडायची, यातली मेख मला फार उशिरा कळली.

सगळ्यात जास्त मला त्या बेस भरलेल्या, म्हणजे तिन्ही बेसवर समोरच्यांची मुलं उभी असलेल्या, इनिंगबद्दल लिहायचंय. लेक पिचिंगला होती. एक हिट, दोन वॉक, कुणी आउट नाही. तिचा चेहरा मी बाकड्यावरून पाहिला आणि माझा जीव टांगणीला लागला. तुम्ही डगआउटमधून निघालात, चालत गेलात, धावत नाही. ग्लोव्हनं तोंड झाकून काहीतरी बोललात. ती वळून मैदानाकडे बोट करत काहीतरी मोजायला लागली. मला वाटलं, काही तरी डावपेच आहे. घरी आल्यावर तिनं सांगितलं, “कोचनी विचारलं, तुझ्या मागे किती जण उभे आहेत? मी म्हटलं सात. मग म्हणाले, त्यांना बराच वेळ काम मिळालेलं नाही, दे.”

पुढचा चेंडू तिनं चौकटीच्या मधोमध टाकला आणि समोरच्या मुलानं तो असा हाणला की शॉर्टस्टॉपच्या (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या मुलाच्या) ग्लोव्हला लागून बाहेर गेला. दोन धावा गेल्या. आणि तुम्ही डगआउटच्या कठड्याशी उभे राहून टाळ्या वाजवत होतात! आमच्या बाजूचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. तुम्ही तिला काढलं नाहीत. त्याच शॉर्टस्टॉपकडे पुढच्या बॅटरचा चेंडू गेला, तो त्यानं उचलला, सेकंडला दिला, आणि डबल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर दोन आउट, झाला नसला तरी एक जण गेला. मॅच आपण हरलो. गाडीत ती मला म्हणाली, “आज मी फक्त दोन वॉक दिले.” धावांचं नावही काढलं नाही.

मोठ्या लीगमध्ये मैदानात मारलेल्या चेंडूंपैकी, होमरन सोडले तर, शंभरात साधारण सत्तर वेळा बॅटर आउट होतो. पोरांच्या हातून झेल सुटतात, तेव्हा इथं हा हिशेब कोलमडतो, हे तुम्हालाही माहीत आहे. एका वडिलांनी तुम्हाला तसं तोंडावर म्हटलंही होतं. तुम्ही म्हणालात, आज सुटतात, कारण आजवर त्यांच्याकडे चेंडू गेलेच नाहीत, जूनमध्ये बोलू. जूनमध्ये ते वडील काही बोलले नाहीत. त्यांचाच मुलगा तो शॉर्टस्टॉप. वॉक देणारा पिचर कॅचरसकट बाकीच्या आठ मुलांचाही खेळ हिरावून घेतो, ही गोष्ट मी मराठी आईबापांना फोनवर सांगते तेव्हा पलीकडे जरा शांतता पसरते, कारण सगळ्यांना आपलं मूल पिचर म्हणूनच हवं असतं.

लिटल लीगच्या पिच (म्हणजे टाकलेले चेंडू) मोजणीचं तुमचं गणितही त्यातलंच. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ पिचची मर्यादा. ६६ किंवा जास्त झाले तर चार दिवस विश्रांती, २० पर्यंत काहीच नाही. खेळ सहा इनिंगचा. दर वॉकमागे किमान चार चेंडू वाया जातात आणि खांदा तेवढाच झिजतो. तुम्ही लेकीला एकदा नेमक्या ३५ वर थांबवलंत, तेव्हा ती छान टाकत होती आणि मला तुमचा रागच आला होता. ३६ वा पडला असता तर एका दिवसाऐवजी दोन दिवस बसावं लागलं असतं. हातातल्या पिच मोजायच्या टिकटिक यंत्राकडे लक्ष ठेवणारा माणूस स्ट्राइक मागतो, तेव्हा तो मुलाच्या दंडासाठीही मागत असतो.

तुमच्या टोपीच्या आत मार्करनं तीन गोष्टी लिहिल्या आहेत, हे मुलांनी शोधून काढलं: झटपट काम कर, वेग बदल, स्ट्राइक टाक. बाल्टिमोरमध्ये वाढलेला माणूस, त्यामुळे हे रे मिलर यांचं घोषवाक्य असणारच. बाल्टिमोरच्या ओरिओल्स टीमचे ते पिचिंग कोच होते, अर्ल वीव्हर मॅनेजर असतानाचे. मला त्यातलं ‘झटपट’ फार आवडतं. पिचर रेंगाळला की मागचे सात जण झोपतात. मोठ्या लीगला पिचरसमोर घड्याळ लावायला २०२३ उजाडावं लागलं.

पावसानं मॅच थांबली होती तेव्हा तुम्ही मुलांना मोठ्या लीगमधल्या ग्रेग मॅडक्स या पिचरची गोष्ट सांगितलीत. १९९७ च्या जुलैत शिकागोच्या कब्सविरुद्ध अख्ख्या नऊ इनिंग ऐंशीहून कमी पिचमध्ये. त्या पूर्ण वर्षात २३० हून जास्त इनिंगमध्ये फक्त २० वॉक, त्यातले ६ मुद्दाम दिलेले. लगेच एका मुलानं दुसऱ्या पिचरला, नोलन रायनला, पुढे केलं: ५,७१४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट), सगळ्यात जास्त. तुम्ही म्हणालात, बरोबर, आणि २,७९५ वॉक, तेही सगळ्यात जास्त. तुझा हात रायनसारखा असेल तर माझ्याकडे येऊ नकोस, मला काही शिकवता येणार नाही. मुलं हसली. मला मात्र बरं वाटलं की तुम्ही रायनला नावं ठेवली नाहीत.

आणि मोने डेव्हिस. लेकीच्या भिंतीवर तिचं चित्र आहे ते तुमच्यामुळे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये विल्यम्सपोर्टच्या लिटल लीग वर्ल्ड सिरीजमध्ये फिलाडेल्फियाच्या त्या तेरा वर्षांच्या मुलीनं नॅशव्हिलला ४-० असं शून्यावर ठेवलं. अशी कामगिरी करणारी पहिली मुलगी. बाकी सगळे तिच्या वेगाबद्दल बोलतात. तुम्ही लेकीला विचारलंत, त्या दिवशी तिनं वॉक किती दिले, शोधून सांग. उत्तर होतं शून्य.

एक तक्रार नोंदवते, नाहीतर पत्र फारच गोड होईल. सामान गाडीतून उतरवायला तुम्ही कुणाला हात लावू देत नाही. दिवसभर लोकांच्या तळघरांतले पाइप दुरुस्त करून, वेळेआधी येऊन, एक पैसा न घेता रेघा आखणारा माणूस बादल्याही स्वतःच वाहतो, हे आम्हाला बघवत नाही. येत्या सीझनला हे आईबापांमध्ये वाटून द्या.

येत्या वसंतात लेक ५०/७० च्या मैदानावर जातेय: पिचिंगचं अंतर ४६ वरून ५० फूट, बेस ६० वरून ७०. तुम्ही खालच्या गटालाच राहणार असं कळलं. ज्यांची मुलं तिथं येतायत त्यांना मी ही बातमी आधीच दिली आहे. आमच्या घरी मागच्या अंगणात दोऱ्यांची चौकट उभी करायचं ठरतंय. नवरा शनिवारी दुकानात जाणार आहे, तेव्हा काठ्या किती उंचीच्या घ्यायच्या आणि मातीत किती खोल रोवायच्या, एवढं त्याआधी मेसेज करा. दोरी नारिंगीच हवी, असं लेकीचं म्हणणं आहे.

मनापासून आभारी,
११ नंबरच्या जर्सीची आई