गोळ्या बंद करायला सांगणारे नंतर निस्तरायला येत नाहीत

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला नैराश्यावरचा लेख वाचल्यापासून संताप आवरत नाही. आमच्याकडे तुमचा पेपर वडिलांच्या काळापासून येतो, म्हणून हक्काने लिहिते.

पहाटे उठा, सूर्यनमस्कार घाला, मोबाइल लांब ठेवा, याला माझी हरकत नाही. माझ्या भावाच्या डॉक्टरांनीही त्याला रोज चालायला सांगितलं आहे आणि त्याचा त्याला उपयोगही होतो. पण लेखकमहाशय तेवढ्यावर थांबले नाहीत. नैराश्यावरच्या गोळ्यांची सवय लागते, एकदा सुरू केल्या की जन्मभर सुटत नाहीत, मन खंबीर असेल तर आजच बंद करा, असं त्यांनी लिहिलं आणि तुम्ही ते चौकट करून ठळक टाइपात छापलं!

सोमवारी सकाळी चहा व्हायच्या आत आमच्या एका नातेवाइकांचा फोन. "बघ, आता पेपरातसुद्धा आलंय." मागच्या गणपतीत माझ्या धाकट्या भावाला बाजूला घेऊन ज्यांनी त्याच्या गोळ्या बंद करवल्या, तेच हे गृहस्थ. तेव्हा भाऊ सावरत होता. पुन्हा दुकानात हिशेबाला बसायला लागला होता, जेवताना दोन शब्द बोलत होता. "आता बरा दिसतोस की, कशाला ते विष पोटात घालतोस?" झालं. घरात कुणाला न सांगता त्याने गोळ्या सोडल्या. आठवड्याच्या आत गरगरायला लागलं. मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं होतं म्हणायचा. झोप उडाली, बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड. त्यावर हे गृहस्थ म्हणतात, "म्हणजे सवय लागलीच होती ना!"

नव्हती लागली. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. नैराश्यावरच्या या गोळ्या एकदम तोडल्या तर असा त्रास होऊ शकतो, म्हणून डोस हळूहळू उतरवत आणतात. व्यसनात तलफ येते, मात्रा वाढवत न्यावी लागते, तसं इथे होत नाही. सवय लागायचा धोका असतो तो अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांचा, आणि म्हणूनच त्या शक्यतो थोडेच दिवस देतात. तुमच्या लेखकाने दोन्ही एकाच माळेत ओवल्या. शिवाय नैराश्यावरच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही, आणि बरं वाटल्यावरही दुखणं उलटू नये म्हणून निदान सहा महिने ती चालू ठेवायची असते. एवढ्या मोठ्या लेखात हे दोन ओळींत मावलं नसतं?

भावाचं दुखणं उलटलंच, आणि पहिल्यापेक्षा वाईट. सकाळी हातात ब्रश धरून तो मोरीत नुसता उभा राहायचा. ब्रशवरची पेस्ट वाळून जायची, बादली भरून पाणी वाहत असायचं, दाराशी आई हाका मारत असायची आणि त्याला ऐकू येत असूनही हात तोंडापर्यंत जात नसे. या माणसाला मन खंबीर करायला सांगायचं? औषध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. दिवाळी गेली, दुकानातली जागा गेली. सल्ला देणारे एकदाही विचारपूस करायला आले नाहीत.

आपल्या आजोबांना कुठे डिप्रेशन होतं, हाही प्रश्न लेखात आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे, रत्नागिरीचं त्याहूनही जुनं. तिथे कुणाचे तरी आजोबा-आजीच होते. घरोघरी "वेडसर" म्हणून माडीवर ठेवलेली माणसं होती, ती वेगळीच. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की नैराश्य, चिंता यांसारखे आजार असलेल्या शंभरातल्या साधारण ८५ जणांना उपचारच मिळत नाहीत. जे कसेबसे दवाखान्याची पायरी चढतात, त्यांनाही तुम्ही माघारी पाठवणार का?

लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. त्याच दिवशी पहिल्या पानावर एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येची बातमी होती. त्याने काय केलं आणि कसं केलं, हे सगळं मथळ्यासकट. असं छापू नये, मदतीचे क्रमांक द्यावेत, हे प्रेस कौन्सिलने २०१९ मध्येच सांगितलं आहे. ती बातमी माझ्या भावाच्या हाती पडू नये म्हणून मी अंक उचलून कपाटात ठेवला. प्रत्येक घरात कुणी तो असा उचलून ठेवत नसेल.

माझी मागणी साधी आहे. येत्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या चौकटीत, मानसोपचारतज्ज्ञांकडून लिहून घेऊन छापा की मनाच्या आजारावरची कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. त्याखाली सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोन-सेवेचा क्रमांक द्या: १४४१६. तो चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आत्महत्येच्या प्रत्येक बातमीखालीही तो यापुढे द्या.

आपली,
एक जुनी वाचक, मिरज